तरंगमबाडीच्या समुद्रकाठच्या जुन्या बंगल्यात राहायचं तर

तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, कराईकलच्या उत्तरेला साधारण पंधरा किलोमीटरवर तरंगमबाडी हे गाव आहे. जुन्या पुस्तकांत याचंच नाव ट्रँकेबार. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून डेन्मार्कच्या लोकांनी इथे डान्सबोर्ग किल्ला बांधला आणि १८४५ मध्ये गाव इंग्रजांना विकून ते निघून गेले. किल्ल्याच्या शेजारी, जवळजवळ वाळूतच, इंग्रज कलेक्टरचा दुमजली बंगला आहे. दोन्ही मजल्यांना खांबांचा रुंद व्हरांडा आहे. नीमराणा या हॉटेल-कंपनीने त्याची डागडुजी करून 'द बंगलो ऑन द बीच' हे हॉटेल केलं. पुढचं सगळं याच बंगल्याला धरून सांगितलं आहे, पण पुदुच्चेरी, कोची, श्रीलंकेतलं गॉल किंवा गोव्यातल्या समुद्रकाठच्या जुन्या वास्तूत उतरणाऱ्यालाही त्यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

इथला मुक्काम बिघडतो तो बहुधा तीन गोष्टींनी: चुकीचा महिना, न विचारता घेतलेली खोली आणि चुनेगच्ची इमारत नव्या फ्लॅटसारखी वापरणं. खर्चाचा त्यात फारसा संबंध नसतो.

महिना

कोकणातलं पावसाचं गणित इथे पार उलटं होतं. जूनमध्ये आपल्याकडे मुसळधार लागलेली असते तेव्हा इथे ऊन तळपत असतं. इथला खरा पाऊस ईशान्य मान्सूनचा, ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत. म्हणजे दिवाळीची सुट्टी, जेव्हा निम्मा महाराष्ट्र फिरायला निघतो, तोच इथे सगळ्यात बेभरवशाचा काळ. नोव्हेंबरात चक्रीवादळांचा धोका असतो. २०१८ मध्ये १६ नोव्हेंबरच्या पहाटे 'गज' वादळ नागपट्टिणम आणि वेदारण्यमच्या मधल्या किनाऱ्यावर आदळलं, ते ठिकाण इथून फार लांब नाही. दिवाळीतच जायचं असेल तर पैसे परत मिळणारं बुकिंग घ्या, भले दर थोडा जास्त पडो, आणि निघण्याच्या चार दिवस आधीपासून हवामान खात्याचं चेन्नई केंद्र काय सांगतं ते रोज बघा.

जानेवारीचा तिसरा आठवडा ते मार्चचा मध्य हा काळ उत्तम. त्याआधी, १४ जानेवारीपासून तीन-चार दिवस पोंगलची गर्दी असते. शेवटच्या दिवशी, काणुम पोंगलला, आसपासच्या गावांतली माणसं कुटुंबकबिल्यासह किनाऱ्यावर येतात आणि बंगल्यासमोरच्या वाळूत जत्रा भरते. गंमत बघायची असेल तर जरूर जा, शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा. रविवारच्या संध्याकाळीही छोटी गर्दी असतेच.

मे-जूनमध्ये दुपारी दोनपर्यंत जमिनीवरून कोरडा गरम वारा येतो, समुद्रावरचा वारा त्यानंतरच सुटतो. त्या दिवसांत बाहेरचा कार्यक्रम सकाळी नऊच्या आत उरकणार असाल तरच या.

पोचायचं कसं

मुंबईहून सोयीचं म्हणजे विमानाने चेन्नई किंवा तिरुच्चिरापल्ली गाठून पुढे गाडीने. चेन्नईहून किनाऱ्याच्या रस्त्याने २८० किलोमीटर, सहा तास धरा. तिरुच्चिरापल्लीहून चार तास. रेल्वेच्या मंडळींनी मयिलादुतुरै किंवा चिदंबरमला उतरावं, तिथून अनुक्रमे तास आणि दीड तास लागतो. लोकमान्य टिळक टर्मिनसहून कराईकलला आठवड्यातून एकदा थेट गाडीही आहे. तिचा वार सांभाळून मुक्काम बसवता आला तर सामान घेऊन गाड्या बदलायचा त्रास वाचतो. खुद्द तरंगमबाडीला येणारा रेल्वेमार्ग १९८६ मध्येच बंद झाला.

टॅक्सी ठरवताना एक गोष्ट आधीच बोलून घ्या. कराईकल हे पुदुच्चेरी या केंद्रशासित प्रदेशात मोडतं. नागूरच्या दर्ग्याला किंवा वेळांकण्णीच्या चर्चला जाताना तोच प्रदेश ओलांडावा लागतो आणि तमिळनाडूच्या टॅक्सीला त्यासाठी वेगळा परवाना लागतो. त्याचा खर्च कोणाकडे, हे ठरलं नसेल तर चौकीवर वाद होतो. तसंच कराईकलला दारू स्वस्त मिळते म्हणून बाटल्या भरून परत निघू नका, हद्दीवर तपासणी होते आणि गुन्हा दाखल होतो.

बसने आलात तर थांबा मोठ्या रस्त्यावर आहे. तिथून पूर्वेला चालत गेलं की १७९२ मध्ये बांधलेली पांढरी वेस लागते. वेशीतून आत सरळ समुद्रापर्यंत जातो तो किंग्ज स्ट्रीट, आणि त्याच्या टोकाला बंगला. अंतर किलोमीटरभर असेल, पण दुपारच्या उन्हात बॅगा ओढत जाऊ नका, रिक्षा घ्या. हातात रोख रक्कम असू द्या. गाव लहान आहे, एटीएमच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

खोली घेण्याआधी फोनवर

बंगल्यात खोल्या मोजक्याच आहेत आणि जुनी इमारत असल्यामुळे दोन खोल्या एकसारख्या नाहीत. त्यांना डेन लोकांच्या जहाजांची नावं दिलेली आहेत. तेव्हा संकेतस्थळावर बटण दाबून मोकळं होऊ नका, थेट फोन करा. पावतीवर बंगल्याचंच नाव आहे ना तेही बघा. याच व्यवस्थापनाने गावातली दुसरी जुनी घरंही पाहुण्यांना दिलेली आहेत. तीही चांगली, पण समुद्र दारात नाही.

पहिला प्रश्न मजल्याचा. वरच्या मजल्यावर वारा भरपूर, ओल कमी, समुद्र पूर्ण दिसतो. मात्र जिना चढावा लागतो, लिफ्ट नाही. खालच्या मजल्यावर पायऱ्यांचा त्रास वाचतो, पण भिंतींना ओल जास्त आणि व्हरांड्यासमोरून माणसं येत-जात असतात. घरात गुडघेदुखीचं कोणी नसेल तर वरचा मजलाच मागा.

दुसरा प्रश्न व्हरांड्याचा. 'सी-फेसिंग' म्हणजे काय ते नेमकं विचारा. खिडकीतून समुद्र दिसतो, की दार उघडताच समोर समुद्र? हा व्हरांडा सलग आहे, म्हणजे तुमच्या दारापुढून शेजारचे पाहुणेही फिरणार. दार सताड उघडं ठेवून झोपायचं स्वप्न असेल तर कोपऱ्यातली खोली मागा, तिथे वर्दळ कमी.

तिसरा, न्हाणीघराचा. अशा घरांत ते नंतर घुसवलेलं असतं. पाइप खालून न्यायचे म्हणून त्याची जमीन उंचावतात आणि दाराशी सहा-आठ इंचांची पायरी तयार होते. रात्री अंधारात नेमके तिथेच लोक ठेचकाळतात. पायरी आहे का, किती उंच, आणि आत धरायला दांडी आहे का, हे म्हाताऱ्या माणसांसाठी विचारलंच पाहिजे.

शिवाय वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो की नुसते दिवे-पंखे, हेही विचारून ठेवा. किनाऱ्यावर वीज जाते, आणि मे महिन्यात या उत्तरावर रात्रीची झोप अवलंबून असते.

खोलीत शिरल्यावरची पहिली दहा मिनिटं

सामान उघडण्याआधी भिंती बघा. खालच्या दोन-तीन फुटांत पांढरी भुकटी, फुगलेला रंग, गिलाव्याचे पापुद्रे दिसले तर तो लोणा. समुद्राजवळच्या जमिनीतलं खारं पाणी विटांतून वर चढतं, पाणी हवेत उडून जातं आणि मीठ पृष्ठभागावर साचतं. चुन्याचा गिलावा श्वास घेतो म्हणूनच ते बाहेर येतं. याला व्यवस्थापनाचा आळस समजून तक्रार करू नका. उलट अशा भिंतीवर कुणी घाईने सिमेंट थापलं तर ओल आत कोंडते, मीठ आतल्या आत फुगतं आणि दोन-चार पावसाळ्यांत सिमेंटसकट विटेचा पापुद्रा सुटतो. चांगल्या दुरुस्तीत चुनाच वापरतात आणि दर काही वर्षांनी पुन्हा लावतात.

मात्र छतावर तपकिरी कडे असलेला डाग, कोपऱ्यात काळे ठिपके आणि कुबट वास हे तिन्ही एकत्र असतील तर गच्ची गळते आहे आणि बुरशी धरली आहे. दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असणाऱ्याने लगेच खोली बदलून मागावी. इथलं जुनं छत मद्रास-टेरेस पद्धतीचं असतं: सागवानी तुळया, त्यावर उभ्या कडेवर तिरप्या रचलेल्या विटा, वर चुन्याचा कोबा. ते गळायला लागलं की तात्पुरत्या मलमपट्टीने थांबत नाही, तेव्हा 'आज दुरुस्त करून देतो' या उत्तरावर विसंबू नका.

मग झडपा तपासा. प्रत्येक झडप उघडून लावून बघा आणि आकडी नीट बसते का ते पाहा. समुद्रावर रात्री वारा वाढला की न अडकवलेली झडप पहाटेपर्यंत आपटत राहते, आणि खाऱ्या हवेत बिजागऱ्या गंजलेल्या असल्या तर निसटतेही. पावसाळ्यात लाकूड फुगून दार अडतं, तेव्हा लाथ मारू नका. कडीपाशी वर उचलून ओढलं की सुटतं. शेवटी गिझर चालू करून बघा आणि पलंगाजवळ सॉकेट आहे का पाहा. जुन्या भिंतींत वायरिंग वरून नेलेलं असतं, त्यामुळे सॉकेट हमखास गैरसोयीच्या जागी सापडतात. चार मीटरची एक्स्टेन्शन वायर सोबत असली की हा प्रश्न मिटतो.

झडपा, पंखा, एसी

हे घर एसीच्या आधीचं आहे आणि वाऱ्यावर चालण्यासाठी बांधलेलं आहे. पंधरा बाय अठरा फुटांच्या खोलीचं छत दहा फुटांवर असेल तर आत २,७०० घनफूट हवा, सोळा फुटांवर असेल तर ४,३२०. एसीला दीडपटीहून जास्त काम. म्हणून खोलीत शिरून १८ वर लावला तरी अर्धा तास काही होत नाही आणि लोक वैतागतात. २६ वर लावा, छताचा पंखा मंद ठेवा, सगळ्या झडपा बंद करा आणि जेवायला जायच्या आधी सुरू करून जा. फार थंड केलं तर दुसरंच दुखणं उभं राहतं: बाहेरची दमट हवा दार उघडताच थंड आरशावर, फरशीवर, चादरीवर पाणी होऊन बसते.

वाऱ्याचं वेळापत्रक सोपं आहे. बंगल्याचं तोंड पूर्वेला, म्हणून सकाळी सात ते अकरा ऊन थेट व्हरांड्यात येतं. तेवढा वेळ समुद्राकडच्या झडपांच्या पट्ट्या खाली वळवून ठेवा. दुपारनंतर व्हरांडा सावलीत जातो आणि समुद्रवारा सुटतो. तेव्हा समुद्राकडचं आणि त्याच्या समोरचं, अशी दोन्ही दारं-खिडक्या उघडा. एकच बाजू उघडली तर वारा आत शिरत नाही, त्याला बाहेर पडायला वाट लागते. जानेवारी-फेब्रुवारीत एवढं केलं की एसी लावायचीही गरज पडत नाही. अंधार पडायच्या अर्धा तास आधी मात्र सगळं बंद, नाहीतर डास. मच्छरदाणी असेल तर कडा गादीखाली खोचून घ्या.

समुद्र पश्चिमेला असायची सवय असलेल्या आपल्या मंडळींचा संध्याकाळी हिरमोड होतो, कारण इथे सूर्य गावाच्या मागे मावळतो. बघायचा तो सूर्योदय. जानेवारीत साडेसहाच्या थोडा पुढे, जूनमध्ये पावणेसहाच्या सुमाराला. वीस मिनिटं आधी व्हरांड्यात बसायचं आणि कॉफीसाठी स्वयंपाकघराला आदल्या रात्रीच सांगायचं, इतक्या पहाटे कुणी आपणहून विचारायला येत नाही.

मीठ आणि दमटपणा

कॅमेरा एसीतून थेट बाहेर काढला की काच पांढरी होते. बाहेरची हवा ३० अंशांची आणि ८० टक्के दमट असेल तर २६ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर दव जमतं. उपाय एकच: कॅमेरा चेन बंद असलेल्या पिशवीत ठेवून पिशवीसकट व्हरांड्यात न्या, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, मग उघडा. पहाटेचे फोटो काढायचे असतील तर रात्री कॅमेरा एसीच्या खोलीत ठेवूच नका. चष्मा आणि लेन्सवर बसलेलं मीठ कोरड्या फडक्याने पुसलं तर ओरखडे पडतात, आधी ओलं फडकं फिरवा.

ओले टॉवेल आणि पोहण्याचे कपडे भिंतीवर, लाकडी खुर्चीवर किंवा पलंगाच्या खांबावर टाकू नका. व्हरांड्यातही दोरी बांधायची परवानगी सहसा नसते. वाळत घालायला स्टँड मागून घ्या. कपडे रात्रभरात वाळणार नाहीत, हे धरून एक जोड जास्त आणा. चिकटणारे हुक भिंतीवर लावू नका, निघताना ते चुन्याचा तुकडा घेऊनच निघतात.

समोरचा समुद्र

इथे भरती-ओहोटीतला फरक मीटरभरही नाही. मुंबईत तो चार-साडेचार मीटर असतो. त्यामुळे ओहोटीला लांब पसरणारी पुळण इथे मिळत नाही, पाणी कायम जवळच असतं. किनाऱ्याची धूप थांबवायला मोठमोठे दगड टाकलेले आहेत, त्यांवर शेवाळ असतं. लाटा काठावरच फुटतात आणि पाणी जोरात मागे ओढतं. पोहायला ही जागा नाही. घोट्यापर्यंत पाणी, मुलांचा हात धरून, एवढंच. पोहायची हौस बंगल्याच्या छोट्या तलावात भागवा. दगडांवर चढून फोटो काढणं टाळा.

समुद्र काय करतो ते बघायचं तर बंगल्याजवळच्या मासिलामणिनाथ मंदिरात जा. १३०६ मध्ये पांड्य राजा मारवर्मन कुलशेखराच्या काळात बांधलेल्या या देवळाचा बराच भाग लाटांनी नेला. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने गावातल्या कोळीवस्तीचं मोठं नुकसान केलं. लाटांचा आवाज रात्रभर येतो. झोप सावध असेल तर कानात घालायचे बोळे आणा, ही खोली बदलून सुटणारी तक्रार नव्हे.

जेवणाचं थोडक्यात: पाहुणे कमी, म्हणून बाजार रोजच्या रोज होतो. रात्री मासे हवे असतील तर सकाळी न्याहारीच्या वेळी सांगा. शाकाहारींना इडली, पोंगल, सांबार-भाताची ददात नाही. कांदा-लसूण नको असेल तर तेही आधी सांगा. बाहेर खायची ठिकाणं गावात फारशी नाहीत, कराईकल गाठावं लागतं.

दोन दिवस कसे लावावेत

एका रात्रीसाठी येऊ नका. येण्याजाण्यातच जीव जातो. दोन रात्री पुरतात. वेशीच्या आतलं गाव पायी दीड-दोन तासांत होतं: १७०१ चं झायन चर्च, १७१८ चं न्यू जेरुसलेम चर्च, डागडुजी झालेला डॅनिश गव्हर्नरचा बंगला आणि किल्ला. किल्ल्यातलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, बुकिंगच्या आधीच वार बघून घ्या. न्यू जेरुसलेम चर्चमध्ये बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्गची कबर आहे. १७०६ मध्ये आलेल्या या जर्मन धर्मप्रचारकाने इथे तमिळ छापखाना चालवला.

मराठी माणसाला मात्र इथला दुसरा धागा जास्त ओढ लावतो. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी तंजावरच्या गादीवर आले आणि डेन लोकांचा खंड भोसल्यांकडे जाऊ लागला. १७५० मध्ये याच गावी आलेला मिशनरी श्वार्त्झ पुढे तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांचा पालक आणि शिक्षक झाला. नागूरच्या दर्ग्याचा १३१ फुटी मिनार तंजावरच्याच प्रतापसिंहराजांनी बांधून दिला. तो इथून तासाभरावर आहे, दुपार उतरल्यावर जाऊन यावं. सात-आठ किलोमीटरवरचं तिरुक्कडैयूर हे साठीशांत आणि सहस्रचंद्रदर्शनाचं क्षेत्र. देशभरातून जोडपी तिथे येतात. मुहूर्ताच्या दिवशी त्या भागातल्या गाड्या आणि खोल्या आधीच गेलेल्या असतात, त्यामुळे टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवा. घरातल्या कुणाची साठी असेल तर विधी तिथे आणि मुक्काम इथे, असं जमवता येतं. फक्त विधी भल्या पहाटे सुरू होतात, जिना उतरायला बॅटरी हाताशी ठेवा.

परतीचा दिवस तंजावरला द्या. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, वेळ अडीच-तीन तास. बृहदीश्वराचा गाभारा दुपारी साडेबारा ते चार बंद असतो, म्हणून सकाळी सातला बंगला सोडा. हॉटेलचं बिल आदल्या रात्रीच चुकतं करा आणि न्याहारी बांधून मागा. देवळात नैऋत्येकडच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजीराजांनी कोरवून घेतलेलं भोसले घराण्याचं मराठी चरित्र आहे. अक्षरं मोडीच्या वळणाची नसून देवनागरी आहेत, पण बारीक असल्यामुळे वाचायला तिरपा उजेड लागतो, तेव्हा मोबाइलची बॅटरी भिंतीच्या कडेने धरा. दर्शन आधी, शिलालेख नंतर, आणि मग राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय. ते बुधवारी बंद असतं.